एरोच्या रायफलीचा नंबर

आमच्या गावात मला माझ्या पाठीमागे ‘नंबर’ म्हणतात. तोंडावर वेइक्को म्हणतात, पण मी दुकानातून बाहेर पडलो की काउंटरपाशी कुणीतरी हळूच “गेला बघ नंबर” म्हणतंच. रस्त्यावरचा बर्फ काढायच्या गाडीवर माझा जन्म गेला, त्या इंजिनापायी माझे कान गेले असा सगळ्यांचा समज आहे. गेलेले नाहीत. मी सोयीपुरता बहिरा आहे.

हे नाव पडलं ते असं. तरुणपणी शेजारच्या गावात एकाने अंगणात जुनं सामान विकायला मांडलं होतं, त्यातून मी एक दुनळी बंदूक घेतली. स्वस्तात मिळाली म्हणून हुरळून गेलो होतो. रविवारी प्रार्थना आटोपल्यावर पाद्रीबुवांना मुद्दाम गाडीपाशी नेऊन ती दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, “छान आहे रे, वेइक्को. माझ्या घरातून चोरीला गेली तेव्हाही छानच होती.” चर्चच्या पायऱ्यांवर अख्खं गाव उभं होतं. बंदूक गेली, पैसे गेले, वर शेरीफच्या माणसाने मलाच उलटतपासणीला बसवलं. पुढचे कित्येक रविवार पाद्रीबुवा चोरीच्या पापाबद्दल बोलू लागले की सगळ्या माना माझ्याकडे वळायच्या.

तेव्हापासून कानाला खडा लावला. वापरलेली बंदूक कुणाकडूनही घ्यायची असली तरी माझी रीत ठरलेली आहे. आधी विचारायचं, ही तुझ्याकडे आली कुठून. मग ती उजेडात नेऊन कारखान्याने तिच्यावर कोरलेला तिचा नंबर बघायचा. नंबर घासलेला किंवा खरवडलेला दिसला तर तिथूनच पाठ फिरवायची. नीट असला तर विकणाऱ्यालाच बरोबर घेऊन शेरीफच्या ऑफिसात जायचं, तिथल्या कॉम्प्युटरवर त्या नंबराची चोरीची तक्रार आहे का ते बघून घ्यायचं, आणि मगच खिशात हात घालायचा. प्रामाणिक माणूस कुरकुरतो, पण येतो. चोर येत नाही. याहून सोपी चाळणी मला तरी माहीत नाही.

पण एका साली माझ्या या चाळणीपायी एका मेलेल्या माणसाच्या नावाला काळिमा लागायची वेळ आली. तो माणूस माझा मित्र होता, एरो हाउताला.

एरो आणि ताउनो हे दोघे भाऊ, ताउनो थोरला. तांब्याची खाण बंद होईपर्यंत दोघेही खाणीत होते. त्यांच्या बापाने जंगलात एक कँप बांधून ठेवलेला, म्हणजे ओंडक्यांची एक खोली, एक शेगडी, भिंतीला बंदुका टांगायच्या खुंट्या आणि मागे साउना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोपटी. नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला हरणांची शिकार खुली होते, त्या दिवशी आमच्याकडे शाळांनाही सुट्टी असते. मी पोरवयापासून त्यांच्याबरोबर त्या कँपवर जातो आहे.

आता गंमत सांगतो. हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला तीन हंगाम गेले. एका खोलीत झोपायचे, एका शेगडीवर रांधायचे, साउनात एका फळीवर बसायचे, आणि मला काही वेगळं वाटेच ना. आम्ही फिनलंडहून आलेल्यांची पोरं. आमच्यात जेवताना जो ‘मीठ दे’ म्हणतो तो बडबड्या ठरतो.

अबोल्याचं कारण मला एरोनेच सांगितलं. दोघांनी एकाच शरद ऋतूत, एकाच दिवशी, गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून एकसारख्या दोन नव्या रायफली घेतल्या होत्या. थर्टी-थर्टी, म्हणजे त्या मापाच्या गोळीच्या, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, शेजारी ठेवल्या तर जुळी भावंडं. त्या पहिल्याच हंगामाच्या शेवटच्या दिवशी दोघे ताउनोच्या पिकअपमधून परत आले. एरोच्या घरी थांबून त्याची रायफल आणि त्याचं हरीण उतरवलं, आणि तसेच दारूच्या गुत्त्यावर गेले. ताउनोची रायफल गाडीच्या मागच्या काचेशी अडकवलेली होती. ताउनो आधी आत गेला, आणि जाताना किल्ली देऊन म्हणाला, “दार लाव.” एरो सिगारेट संपवून मागून आला. तासाभराने बाहेर येऊन बघतात तर गाडीचं दार सताड उघडं आणि रायफल गायब.

“लावलं होतं मी,” एरो म्हणाला.

“मग दार काय आपलं आपण उघडलं?” ताउनो म्हणाला.

भावांमधलं ते शेवटचं बोलणं. ताउनोने शेरीफकडे तक्रार दिली, दुकानदाराच्या वहीतून नंबर लिहून दिला, आणि धाकट्याशी बोलणं टाकलं. पुढच्या हंगामात त्याने दुसरी रायफल आणली, जुनी आणि जड. दरवर्षी त्या कँपच्या खुंट्यांवर दोघांच्या बंदुका शेजारी शेजारी टांगलेल्या असत. एरोची तीच चकचकीत थर्टी-थर्टी, आणि ताउनोचं ते धूड. मध्ये वीसेक वर्षं गेली. ज्या सालची ही गोष्ट, त्या वसंतात एरो फुप्फुसाच्या दुखण्याने गेला, तेव्हाही ताउनो चर्चमध्ये शेवटच्या बाकापाशी उभा राहिला आणि कॉफीला न थांबता निघून गेला. मला त्याचा इतका राग आला होता की त्या उन्हाळ्यात मी त्याच्या दारातला रस्ता नीट करायचं काम मुद्दाम मागे टाकलं.

ऑक्टोबर संपता संपता एरोच्या बायकोचा, आयलीचा फोन आला. तिने वेलचीचा पाव भाजला होता आणि रायफल स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढून ठेवली होती.

“तू घे ही,” ती म्हणाली. “पोरगा तिकडे मिलवॉकी शहरात, त्याला शिकार नको. पंधरा तारीख आली की मला ती कपाटात बघवणार नाही. बाहेरच्याला द्यायची नाही मला.”

मला ती हवी होती, खोटं कशाला बोलू. एरोच्या त्या रायफलीचा कँपवर बोलबाला होता. कुठलाही शहाणा माणूस नवी रायफल घेतली की हंगामाआधी खडीच्या खाणीत जातो, पुठ्ठ्यावर गोळ्या झाडतो आणि नळीवरचा दर्शक, म्हणजे ज्यातून नेम धरायचा ती खाच, इकडेतिकडे सरकवून नेम बसवून घेतो. एरोने हे कधीच केलं नाही. “कारखान्यातल्या माणसांना डोळे असतात की,” म्हणायचा. आणि पहिल्या दिवसापासून त्याची गोळी कधी हुकली नाही. आम्ही सगळे जळायचो.

पण रीत म्हणजे रीत. मी कॉफीचा घोट घेतला आणि म्हणालो, “घेतो. उद्या शेरीफच्या ऑफिसात नंबर बघून आलो की घेतो.”

आयलीने पाव कापायची सुरी खाली ठेवली. “कुणाचा नंबर?”

“हिचा.”

“एरोच्या बंदुकीचा नंबर बघणार तू? वीस वर्षं जी डोळ्यांसमोर बघितलीस, तिचा?”

“अगं, मी माझ्या आईकडून घेतली असती तरी बघितला असता.”

“तुझ्या आईचं ठीक आहे, तिने माझं पावाचं भांडं कधी परत केलं नाही.” तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. “वेइक्को, त्या माणसाने खाणीतून कधी एक खिळा घरी आणला नाही. लोक तांबं आणायचे डब्यातून, कोटाच्या अस्तरात शिवून. हा हात झाडून यायचा. त्याच्या मागे राहिलंय काय? हे घर, आणि लोक म्हणतात ते, की एरो सरळ माणूस होता. बस.”

“मग भीती कसली?”

“भीती नाही, मेल्या. अपमान आहे.” ती उठली. “पण येते मी. काही निघालं नाही की तुझं तोंड कसं होतं ते बघायचंय मला.”

शेरीफच्या ऑफिसात डेप्युटी ट्रेवार्था होता. पोरगेलासा, गोलमटोल, टेबलावर अर्धी खाल्लेली पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी. मला बघूनच हसायला लागला. “आलात? आज कुणाची?”

“मिसेस हाउतालांची,” मी म्हणालो. आयली एखाद्या साक्षीदारासारखी ताठ बसली होती, पर्स मांडीवर उभी धरून.

ट्रेवार्थाने बोटं पुसली, रायफल रिकामी आहे ना ते बघितलं, नळीच्या मुळाशी खालच्या बाजूला कोरलेला नंबर वाचला आणि कॉम्प्युटरवर टाकला. मग पुन्हा रायफल उचलून नंबर वाचला. पुन्हा टाकला. त्याचं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही, पण गेलं.

“मिसेस हाउताला,” तो म्हणाला, “ही तुमच्याकडे कुठून आली?”

“माझ्या नवऱ्याची आहे. होती. हार्डवेअरच्या दुकानातून नवी घेतलेली.”

“ही चोरीची म्हणून नोंदलेली आहे इथे. जुनी तक्रार आहे, माझ्या शाळेच्या दिवसांतली.” त्याने घसा साफ केला. “तक्रार देणाऱ्याचं नाव ताउनो हाउताला.”

आयलीच्या हातातून पर्स घसरून खाली पडली, आणि तिने ती उचलली नाही.

“असं होणार नाही,” ती म्हणाली. “पुन्हा बघा.”

“दोनदा बघितलं, मॅडम. आता ही मला ठेवून घ्यावी लागेल. आणि त्यांना बोलवावं लागेल.” तो बिचारा तिच्याकडे न बघता बोलत होता. “सापडली कुठे, ते लिहावं लागतं. एरो हाउताला यांच्या घरी, असं.”

“म्हणजे माझा नवरा चोर, असं लिहिणार तुम्ही?”

“मी फक्त सापडली कुठे ते लिहिणार.”

“वाचणारा दुसरं काय समजेल मग?”

काचेपलीकडे फोनवर बसणारी मुलगी कान टवकारून बसली होती. तिची मावशी चर्चच्या कॉफीची व्यवस्था बघते. रविवारपर्यंत थांबायची गरजच नव्हती, संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं की ताउनोची रायफल एरोनेच लांबवली होती, आणि वर भावाला म्हणाला होता, दार लावलं होतं म्हणून.

डेप्युटी ताउनोला फोन करायला आत गेला. मी खाली वाकून आयलीची पर्स उचलली आणि तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली नाही.

“तू आणलंस हे,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, तेच वाईट. “तो सांगायला नाही आता. सहा महिन्यांपूर्वी असता तर सांगितलं असतं त्याने. माणूस मेल्यावर तू त्याला इथे उभं केलंस.”

मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पाद्रीबुवांची बंदूक घेऊन पायऱ्यांवर उभा होतो त्या दिवशी मला लाज वाटली होती, पण ती माझी होती, मी ती भोगली. ही दुसऱ्याची होती, आणि ती मी माझ्या हाताने तिच्या पदरात घातली होती. एरो चोर नाही हे मला पक्कं माहीत होतं. पण नंबरही खोटा नव्हता, आणि आयुष्यभर मी गावाला हेच सांगत आलो होतो की माणसं खोटं बोलतील, नंबर बोलणार नाही.

ताउनो अर्ध्या तासात आला. लाल-काळ्या चौकड्यांचा कोट, कानावर पट्ट्या असलेली टोपी. मला मान हलवली, आयलीकडे बघितलंच नाही. डेप्युटीने त्याला सगळं सांगितलं. ताउनोने चष्मा लावला, नंबर वाचला, आणि चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत राहिला.

“म्हणजे त्याने घेतली,” तो शेवटी म्हणाला.

“ताउनो!” मी म्हणालो.

“मग? त्याच्या घरात सापडली ना? मला वाटायचं निष्काळजी आहे. एवढंच वाटायचं मला.” त्याने चष्मा खिशात घातला. “एवढंच वाटत होतं तेच बरं होतं.”

आयली उभी राहिली. ती तशी ठेंगणी बाई, ताउनोच्या खांद्याशी यायची. “मग त्याची कुठे गेली?” ती म्हणाली.

“काय?”

“त्याची स्वतःची. एकाच दिवशी दोन घेतल्या ना तुम्ही? तुझी त्याने चोरली म्हणतोस, मग माझ्या घरात दोन पाहिजेत. मी त्या घराची धूळ पुसते. एकच होती. पहिल्या दिवसापासून एकच.”

“विकली असेल एक.”

“कुणाला? केव्हा? आणि चोरलेली ठेवून आपली विकेल, इतका मूर्ख होता का तो? आणि घेऊन कुठे गेला तिला? दरवर्षी तुझ्याच कँपवर, तुझ्याच शेजारच्या खुंटीला टांगली! चोरी केलेली वस्तू मालकाच्या नाकासमोर वीस वर्षं कोण टांगतं रे?”

डेप्युटी म्हणाला, “त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे.” ताउनोने त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा पास्टीकडे बघू लागला.

ताउनोने रायफल हातात घेतली. खांद्याला लावली नाही, नुसती आडवी धरली, आणि अंगठा नळीवरून फिरवत मागच्या दर्शकापाशी नेला. तिथे थांबला. नखाने काहीतरी चाचपलं. मग खिडकीपाशी जाऊन चष्मा पुन्हा लावला.

“ही रेघ मी मारली होती,” तो म्हणाला. “नेम बसवून झाला, तेव्हा दर्शक सरकला तर कळावं म्हणून. खडीच्या खाणीत. एरोला म्हटलं होतं, तूही चल. नाही आला.”

“कारखान्यातल्या माणसांना डोळे असतात की,” मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

ताउनोने माझ्याकडे वळून बघितलं. “वेइक्को, त्या वर्षी तू होतास ना? पहिल्या दिवशी?”

“होतो.”

“मी काय मारलं त्या दिवशी?”

“काही नाही. ओढ्याकाठचा मोठा नर हुकवलास. दगड मारला असता तरी लागला असता इतक्या जवळचा. रात्रभर शिव्या घालत होतास रायफलीला, की एवढा नेम बसवून घेतला आणि डावीकडे मारते.”

“आणि त्याने?”

मी उत्तर द्यायच्या आधीच मला ते कळलं. “त्याने पहिल्याच गोळीत पाडला. आणि पुढे सगळा हंगाम हुकला नाही. आम्ही म्हणत होतो, नेम न बसवता कसा काय मारतो हा!”

“बसवलेला होता नेम,” ताउनो म्हणाला. “मी बसवलेला होता.”

तो खुर्चीवर बसला. बसला म्हणजे कोसळलाच. रायफल मांडीवर आडवी. “आम्ही अंधारात उठलो होतो. कंदिलातलं तेल संपलं होतं. दोन्ही नव्या, दोन्ही शेजारी शेजारी. त्याने माझी काढली, मी त्याची. पहिल्याच सकाळी. चोरी व्हायच्या दोन आठवडे आधी.” तो आपल्या हातांकडे बघत बोलत होता. “मग घरी येताना त्याने आपली म्हणून उतरवून घेतली ती ही. माझ्या गाडीत राहिली ती त्याची. चोराने नेली ती एरोची.”

काचेपलीकडची मुलगी उभी राहून ऐकत होती.

“रायफल गेली त्याची,” ताउनो म्हणाला, “आणि रुसून बसलो मी.”

ट्रेवार्थाने हळूच विचारलं, “मग मी काय लिहू, मिस्टर हाउताला?”

“लिही. एरो हाउतालाने काही चोरलं नाही. एरो हाउतालाची रायफल चोरीला गेली, त्याच्या भावाच्या गाडीतून. भावाच्या, असं लिही. नंबर माहीत नाही, दुकान कधीच बंद झालं. आणि जोरात वाच, तिला ऐकू जाऊ दे.” त्याने काचेकडे बोट केलं. मुलगी पटकन खाली बसली. ट्रेवार्थाने खरोखरच सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, मग ताउनोची सही घेतली, आणि रायफल त्याच्या हवाली केली, कारण कागदावर ती त्याचीच होती.

आम्ही तिघं बाहेर आलो. गाड्या उभ्या करायच्या जागेत पहिला भुरभुर बर्फ पडायला लागला होता. मी थोडा मागे राहिलो. आयलीचा मला चेहरा दिसत नव्हता, पण तिने पर्स पुन्हा काखेत घट्ट धरली होती, तेवढ्याने माझ्या जिवात जीव आला. एरोच्या नावावरचा डाग टळला होता. मला वाटलं, आता संपलं.

ताउनोने रायफल तिच्यापुढे केली. “तुझी आहे. त्याची घालवली मी, त्या बदल्यात ही त्याचीच.”

“मला नको. मी तर विकायलाच काढली होती.”

तो तसाच उभा राहिला, हात पुढे केलेला.

“शेवटपर्यंत तेच म्हणत होता तो,” आयली म्हणाली. “दवाखान्यात नळ्या लावल्या होत्या तरी. ‘ताउनो आला तर त्याला सांग, दार मी लावलं होतं.’ दारावर पाय वाजला की मान वळवायचा. डॉक्टर असायचे, नाहीतर झाडूवाली. मी रोज म्हणायचे, येईल रे, बर्फ कमी झाला की येईल. तू सांगायला हवं होतंस मला की येणार नाहीस, मी त्याला तसं सांगितलं असतं.”

“लावलं होतं त्याने,” ताउनो म्हणाला.

“आता कळलं ना?”

“आता नाही.” त्याने रायफल खाली केली. “त्याच नाताळात. तो बसला होता त्या बाजूच्या दाराचं कुलूप गेलेलं होतं. किल्ली फिरायची, वरची कळ खाली बसायची, पण आत पकडायचंच नाही. ओढलं की उघडायचं. मी स्वतः दुरुस्त केलं ते, डिसेंबरात. तेव्हाच कळलं मला की तो खरं बोलत होता.”



“मग बोलला का नाहीस?” तिने विचारलं.

“जाणार होतो. नाताळच्या दिवशीच जाणार होतो. मग म्हटलं, नववर्षाला जाऊ. मग हंगाम आला, म्हटलं कँपवर सांगू. कँपवर तो शेजारी बसला, काही म्हणाला नाही, मीही नाही.” बर्फ त्याच्या टोपीवर साठत होता, तो झटकत नव्हता. “एक वर्ष उशीर झाला की माफी मागायला दुप्पट लाज वाटते, आयली. दहा वर्षं झाली की नुसता विषय काढायचा तरी धीर होत नाही. आणि तो कधी रागावला नाही ना माझ्यावर. दरवर्षी माझ्यासाठी साउना तापवून ठेवायचा. रागावला असता तर बरं झालं असतं. भांडलो असतो, मिटलं असतं. दवाखान्याच्या दारापर्यंत आलो होतो मी मार्चमध्ये. गाडीत बसून राहिलो, आणि परत गेलो.”

मला वाटलं ती आता त्याला मारणार. माझी तरी तशी इच्छा झाली होती. इतकी वर्षं त्या खोलीत मी त्यांच्यामध्ये बसून पत्ते पिसत होतो, आणि या माणसाच्या घशाशी एवढंसं वाक्य अडकलेलं होतं. मला राग आला, आणि रागाबरोबरच त्याची इतकी दया आली की मी तोंड फिरवून माझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ उगाच पुसायला लागलो.

“हे मला कशाला सांगतोस?” आयलीचा आवाज ऐकू आला.

तो बुटाने बर्फ उकरत राहिला.

“बस गाडीत,” ती म्हणाली.

मी वळून बघितलं. तिने रायफल त्याच्या हातातून काढून घेतली होती आणि माझ्या गाडीकडे येत होती. माझ्या सीटवर ती ठेवली, माझ्याशी एक अक्षर न बोलता परत गेली आणि आपल्या गाडीच्या स्टिअरिंगमागे बसली. ताउनो अजून तिथेच उभा. तिने हॉर्न वाजवला. एवढा धिप्पाड म्हातारा माणूस दचकला, टोपी काढून हातात घेतली, आणि तिच्या शेजारी जाऊन बसला.

मी त्यांच्या मागेच गाडी काढली, कारण आमचा रस्ता एकच. आयलीचं घर जिथे उजवीकडे येतं तिथे ती वळली नाही. सरळ पुढे गेली, आणि टेकडीवर दफनभूमीच्या फाटकाशी थांबली. ताउनो उतरला. ती उतरली नाही. काच खाली करून तिने त्याला बोटाने कबर कुठे आहे ते दाखवलं, कारण त्याला ते माहीत नव्हतं.